रूफ लाइटचा बल्ब बदलला, तरी दिवा लागेना: एका गाडीचं प्रकरण

गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. रत्नागिरीपासून काही अंतरावर, समुद्राकाठच्या गावात असते. मालकीण ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत. रात्रपाळ्या बऱ्याच, आणि गाडी लावायची जागा रुग्णालयामागच्या उतारावर, जिथे खांबावरच्या दिव्याचा उजेड पोचत नाही. पावसाळ्यात दार उघडल्याबरोबर पायाखाली आणि सीटवर काय आहे ते दिसलंच पाहिजे अशी ती जागा. कोकणात उबेला जनावर गाडीत येऊन बसतं, हे सांगायला नको. त्यामुळे छताला असलेला तो एवढासा दिवा त्यांच्या दृष्टीने ब्रेकइतकाच गरजेचा होता, आणि मला ते पूर्ण पटतं.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा तक्रार अशी होती: "दादा, आतला लाइट गेला, घड्याळ गेलं, आणि गाडी बंद केली की रेडिओची स्टेशनं पुसली जातात. एका बल्बपायी एवढं सगळं झालं."

हे वाक्य ऐकून थेट फ्यूज बॉक्सकडे हात जातो. पण विजेच्या कामात आधी ऐकून घ्यावं, हत्यार नंतर उचलावं. म्हणून मी ताईंना अगदी पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लावलं.

पावसाळा सुरू झाल्यावर दिवा लहरीपणा करू लागला होता. ड्रायव्हरचं दार उघडलं की कधी लागायचा, कधी नाही. दार जोरात आपटून पुन्हा उघडलं तर लागायचा. शेजारचं दार उघडलं की मात्र हटकून लागायचा. पुढे ड्रायव्हरच्या दाराला तो लागेनासाच झाला. त्या एका दुकानात गेल्या. तिथल्या माणसाने ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून वर पाहिलं, दिवा बंद दिसला, म्हणून बल्ब गेला असं सांगून नवा बसवला. ताईंनी "जरा जास्त उजेडाचा द्या" असंही म्हटलं होतं, कारण गाडीत बसून त्यांना कधीकधी कागद भरावे लागतात. नवा बल्ब बसवल्यावर त्याने बटण सरकवून दिवा लावून दाखवला. लख्ख लागला. पैसे दिले, काम झालं.

रात्री ड्रायव्हरचं दार उघडलं तर पुन्हा अंधार.

त्यानंतर ताई दिवा कायम 'चालू'वर सरकवून वापरू लागल्या. काही दिवसांत प्लॅस्टिक तापल्याचा वास येऊ लागला आणि दिव्याच्या पांढऱ्या कव्हरवर तपकिरी डाग पडला. त्यांच्या भाच्याने बल्ब काढून बघायचं ठरवलं. दिव्याचं बटण 'बंद'वर केलं, स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि कव्हर उचकटलं. बारीक ठिणगी उडाली, आणि समोरचं घड्याळ विझलं.

माझ्यासमोर आलेली गाडी म्हणजे एकावर एक रचलेले तीन बिघाड होते. सगळ्यांत खालचा, मूळचा बिघाड कोणी पाहिलाच नव्हता. वरचे दोन दुरुस्तीने घातलेले होते.

या दिव्याची वाट

पुढचं समजायला हा दिवा जोडलेला कसा असतो ते डोळ्यासमोर हवं. बॅटरीच्या प्लसकडून वायर फ्यूजमध्ये येते, तिथून काचेशेजारच्या खांबातून छताच्या कापडामागे जाते आणि दिव्यातल्या एका पितळी पत्रीला मिळते. पत्रीत बल्बचं एक टोक. बल्बचं दुसरं टोक दुसऱ्या पत्रीत, आणि तिथून वाट बटणाकडे. बटण 'चालू'वर असेल तर ही वाट छताच्या पत्र्याला मिळते, म्हणजे बॉडी अर्थला. 'दार'वर असेल तर एक वायर खाली दारांच्या खांबापर्यंत जाते. तिथे रबरी टोपीचा, दाबला जाणारा स्विच असतो. दार उघडलं की स्विचचं टोक बाहेर येतं आणि ती वायर बॉडीला जोडली जाते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असल्याने सर्किट पूर्ण होतं.

म्हणजे प्लस दिव्यापर्यंत कायम आलेला असतो. चावी काढली तरी, बटण 'बंद' केलं तरी. बटण आणि दाराचा स्विच हे दोघेही तोडतात ती परतीची वाट. ही एक गोष्ट नीट कळली तर या प्रकरणातलं सगळं उलगडतं. सगळ्या गाड्यांत अशीच रचना असते असं मात्र नाही. दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझत असेल, तर मधे इलेक्ट्रॉनिक युनिट आहे असं समजावं. तशा गाड्यांत पुष्कळदा स्विच खांबावर नसून दाराच्या लॉकमध्येच असतो. ही गाडी जुन्या, सरळ वळणाची होती.

भाच्याच्या हातून काय झालं ते आता सांगता येतं. बटण 'बंद' केल्यावर वीज गेली असं त्याला वाटलं, आणि घरातल्या दिव्यांच्या सवयीने कोणालाही तसंच वाटेल. सुरीचं पातं प्लसच्या पत्रीला आणि बाजूच्या अर्थच्या पट्टीला एकदम टेकलं. मधे बल्ब नाही, म्हणजे अडवणारं काही नाही. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर द्यायला तयार असते. फ्यूज उडाला आणि वायर वाचली.

फ्यूज

डॅशबोर्डखालच्या बॉक्समध्ये १० अँपिअरचा लाल फ्यूज तुटलेला मिळाला. या गाडीत तोच फ्यूज रूफ लाइट, घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी यांना कायमची वीज देतो. तीन तक्रारींपैकी दोन तिथे मिटल्या. नवा लाल फ्यूज घातला, घड्याळ आलं, आकाशवाणीचं स्टेशन लावून चावी फिरवून पाहिली, टिकलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण फ्यूज उडाला की "जरा मोठा टाक" म्हणणारे पुष्कळ भेटतात. लाल फ्यूज १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. हे आकडे वायरीच्या जाडीवरून ठरतात. छतातली वायर बारीक असते आणि ती कापडाला व फोमला लागून जाते. तिच्या रक्षणाला पिवळा किंवा हिरवा फ्यूज बसवला, तर पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल. शिवाय हा हिशेब बघा: ५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम ०.४ अँपिअर घेतो, १० वॉटचा ०.८. चांगला बल्ब १० अँपिअरचा फ्यूज उडवूच शकत नाही. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी धातूला धातू लागलाय, आणि ते शोधायचं असतं. इथे कारण भाच्यानेच सांगितल्यामुळे शोधावं लागलं नाही. तरी पत्र्या वाकून एकमेकींना लागल्या नाहीत ना, हे बघूनच मी फ्यूज घातला.

बल्ब खरंच गेला होता का

दुकानदाराने काढलेला जुना बल्ब ताईंनी दाराच्या कप्प्यात ठेवला होता. या सवयीबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे, कारण सगळ्यात बोलका पुरावा तोच निघाला. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबट बल्ब, टोपीवर '१२ व्होल्ट ५ वॉट' छापलेलं. मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा (रोध) मोजायच्या खुणेवर ठेवून दोन टोकांना लावला. अडीच-तीन ओहम. तार शाबूत.

अडीच ओहम पाहून बल्ब शॉर्ट आहे असं काहींना वाटतं. १२ व्होल्टवर ५ वॉट म्हणजे हिशेबाने २९ ओहमच्या आसपास यायला हवेत. पण तो हिशेब तापून पांढऱ्या झालेल्या तारेचा आहे. टंगस्टनचा थंड असतानाचा रोध त्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो. त्यामुळे थंड बल्बला दोन-तीन ओहम दाखवणं अगदी बरोबर. मग खात्रीसाठी तो थेट बॅटरीला लावला. लागला.

म्हणजे मुळात बल्ब गेलेलाच नव्हता. आणि हे मीटर नसतानाही कळलं असतं. शेजारचं दार उघडल्यावर दिवा लागत होता. गेलेला बल्ब कोणत्याही दाराला लागत नाही. दुकानात बटण 'चालू'वर सरकवून पाहिलं असतं किंवा दुसरं दार उघडलं असतं, तर बल्ब काढायची वेळच आली नसती. आणखी एक खूण ताईंनी बोलता बोलता सांगितली. ड्रायव्हरचं दार उघडं राहिलं तर समोर स्पीडोमीटरच्या पॅनेलमध्ये लाल दिवा लागायचा, तोही हल्ली लागत नव्हता. तो दिवा त्याच दाराच्या स्विचवर चालतो. एकाच स्विचवरचे दोन दिवे एकाच दाराला बंद, आणि दुसऱ्या दाराला दोन्ही चालू. एवढ्यावरून बोट थेट खांबाकडे जातं.

खांबावरचा स्विच

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, मधल्या खांबावर खालच्या बाजूला रबरी टोपीचा स्विच. एकच स्क्रू, मागे एकच वायर. अर्थसाठी वेगळी वायर नाही. स्विचची धातूची पट्टी त्या स्क्रूने खांबाच्या पत्र्याला आवळलेली, तोच अर्थ. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भर पावसात सर्वांत जास्त वेळा उघडतं ते ड्रायव्हरचं दार. वरून ओघळणारं पाणी याच स्क्रूवरून जातं, आणि पावसाळा संपला तरी समुद्राची खारी हवा आहेच. स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस फुगवटा आला होता. नुसत्या नजरेला तो नेहमीचा गंज वाटावा.

स्क्रू काढण्याआधी मी मीटर लावला, कारण एकदा काढला की पुरावा हलतो. बाकी सगळी दारं बंद, ड्रायव्हरचं उघडं, दिव्याचं बटण 'दार'वर. मीटरचं एक टोक स्विचच्या धातूच्या पट्टीला, दुसरं दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला. १२ व्होल्टच्या वर. पट्टी जर बॉडीला नीट जोडलेली असती तर इथे शून्य दिसायला हवं होतं. आता प्लस बल्बमधून, वायरीतून, स्विचच्या आतल्या पॉइंटमधून पट्टीपर्यंत व्यवस्थित येत होता आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरच्या गंजात अडकत होता. म्हणजे बल्ब चांगला, वायर चांगली आणि स्विचही चांगला. मग वायरीचा एक तुकडा पट्टी आणि बोल्टमधे धरला. वर दिवा लागला. खात्री करायला याहून वेगळं काही लागत नाही.

या मोजमापाचं महत्त्व असं की नुसता नवा स्विच आणून त्याच गंजलेल्या भोकात आवळला असता, तर तोही लागला नसता. किंवा नव्या स्क्रूच्या धारेने थोडा गंज खरवडला जाऊन महिनाभर चालला असता, आणि मग "स्विच डुप्लिकेट निघाला" अशी तक्रार आली असती.

स्विच बाहेर काढताना वायर हाताने घट्ट धरून ठेवावी. ती निसटून खांबाच्या पोकळीत गेली तर अर्धा दिवस तिला बाहेर काढण्यात जातो. मी तिला आधी कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. भोकाभोवतीचा गंज पॉलिश पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत घासला, स्क्रू नवा घेतला, पट्टीची मागची बाजू चकचकीत केली. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू घट्ट, मग जेली. घासून उघडा पडलेला जो पत्रा पट्टीखाली झाकला जात नव्हता, त्यावर रंगाचा हात दिला, नाहीतर तिथून गंज पुन्हा आत सरकतो. शेजारच्या दाराचा स्विच चालत होता, तरी त्यालाही हेच केलं. डिकीच्या स्विचलाही.

बल्ब कोणता बसवायचा

आता दुकानात बसवलेल्या बल्बकडे. तो १० वॉटचा निघाला, आणि लांबीला ४२ मिलिमीटर. जुना ३६ चा. लांब बल्ब बसावा म्हणून दोन्ही पत्र्या बाहेर वाकवल्या होत्या. या लांबट बल्बांत ३१, ३६, ३९, ४२ अशा लांब्या मिळतात आणि दिसायला सगळे सारखेच वाटतात. जुना बल्ब सोबत नेऊन शेजारी धरून घ्यावा, हा खात्रीचा मार्ग. पत्र्यांची स्प्रिंग हीच इथे बल्बची पकड आणि तोच विजेचा जोड. ती सैल झाली की जोड तापतो, काळा पडतो आणि दिवा फडफडू लागतो.

१० वॉटचा त्रास वेगळाच. तारेच्या बल्बमधली बहुतेक वीज उष्णतेत जाते. ५ वॉटसाठी बनवलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत दुप्पट उष्णता कोंडली, म्हणून वास आणि तो तपकिरी डाग. काही गाड्यांत मूळचाच बल्ब १० वॉटचा असतो, तिथे दिव्याची घडण त्याला झेपेल अशीच असते. त्यामुळे जुन्या बल्बच्या टोपीवर किंवा होल्डरजवळ छापलेला आकडा पाळावा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि आग्रहाने सांगतो, कारण डोक्यावर छताचं कापड आहे.

पण ताईंची जास्त उजेडाची मागणी चुकीची नव्हती. कागद वाचायला ५ वॉटचा पिवळसर उजेड अपुराच पडतो. अशा वेळी ३६ मिलिमीटरचाच एलईडी घ्यावा, जो एक-दीड वॉटमध्ये जास्त उजेड देतो आणि डबी तापवत नाही. घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, आत करंट आवरणारं सर्किट असलेला घ्यायचा. नुसता रेझिस्टर लावलेला स्वस्त एलईडी १२ व्होल्टवर ठीक चालतो, पण इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या वर असतात आणि तेव्हा तो भाजून निघतो. दोन, फार प्रखर नको. रात्री आतला उजेड डोळ्यांत भरला की दार लावून निघताना बाहेरचा रस्ता काही क्षण काळाठिक्कर दिसतो. उतारावरून गाडी काढणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

बसवण्याचं काम पाच मिनिटांचं. फ्यूज काढला. बटण 'बंद' करून भागत नाही, ते वर आलंच आहे. कव्हरच्या कडेला उचकटण्यासाठी छोटी खाच असते, तिथे कापड गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी घालून हळूच उचललं. उन्हात उभ्या गाडीत कव्हर मऊ असतं आणि वाकतं, थंडीत कडक असतं आणि त्याचे दात तुटतात, म्हणून सावलीत आणि घाई न करता. बल्ब नुकताच चालू असेल तर निवू द्यावा. पत्र्या पक्कडीने आत घेतल्या, काळपट भाग हलकेच घासला. एलईडीची टोकं पत्र्यांच्या भोकांत बसली का ते फिरवून पाहिलं. फ्यूज घातला, दिवा लागला नाही. यात काही बिघडलेलं नव्हतं. तारेच्या बल्बला प्लस-मायनसची बाजू नसते, या एलईडीला होती. फ्यूज पुन्हा काढून तो उलटा फिरवला, आणि लागला. बल्बच्या काचेला बोट लावू नये असं जे सांगतात, ते हेडलाइटच्या हॅलोजनसाठी महत्त्वाचं आहे. तिथे काच भयंकर तापते आणि बोटाच्या तेलाचा डाग तिला घातक ठरतो. इथे तशी भीती नाही.

डागाळलेलं कव्हर जुन्या बाजारातून मिळालेल्या कव्हरने बदललं. जुना ५ वॉटचा बल्ब चांगलाच होता. तो कापसात गुंडाळून, दोन लाल फ्यूजसोबत डब्यात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला.

गाडी देण्याआधी

दिवा लागतो हे पाहून काम संपत नाही, तो विझतो हेही पाहावं लागतं. दार उघडं ठेवून स्विच बोटाने दाबला, दिवा विझला. मग प्रत्येक दार हळू लावून पाहिलं, कारण दार पूर्ण न बसता पहिल्या खटक्यावर अडकलं तर स्विच अर्धवट दाबला जातो. डिकीत दिवा विझतो का ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला आणि झाकण लावलं. विझत होता. तिथे ५ वॉटचा तारेचाच बल्ब आहे. तो रात्रभर चालू राहिला तर चार-पाच अँपिअर-तास खातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी नवी असेल तर सकाळी जाणवणारही नाही. पण गावी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली तर स्टार्टर फिरणार नाही, आणि बॅटरी म्हातारी असेल तर एका रात्रीतच.

शेवटी पुन्हा तेच मोजमाप घेतलं: ड्रायव्हरचं दार उघडं, मीटर पट्टी आणि बिजागरीच्या बोल्टमधे. जिथे १२ व्होल्टच्या वर दिसत होते तिथे आता मिलिव्होल्टमध्ये आकडा होता. ताईंना तो दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मागच्या दारांबद्दल. या मॉडेलमध्ये मागच्या दारांना स्विचच नाहीत, खांबावर फक्त रबरी बूच बसवलेलं आहे. त्यामुळे मागचं दार उघडल्यावर दिवा लागणार नाही, आणि तो बिघाड नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मी ड्रायव्हरच्या बाजूचा स्क्रू सोडून पाहिला. जेलीचा थर धुळीने काळा झाला होता, खालचा पत्रा स्वच्छ होता. थर पुसून नवा लावला.